आईच्या डोळ्याचा लासूर : डीसीआर शस्त्रक्रिया नाकातून करावी की बाहेरून?

मृण्मयी_सातारा

नमस्कार. माझ्या आईचे वय ६३ आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या उजव्या डोळ्यातून सतत पाणी येते. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दाबले की पांढरट पू वर येतो. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी नेले असता तिथे सिरिंजिंग केले, म्हणजे पापणीच्या कडेवरच्या बारीक छिद्रातून औषधी पाणी आत सोडून पाहिले. ते घशात उतरलेच नाही, पुवासकट वरच्या छिद्रातून परत आले. अश्रुनलिका बंद होऊन लासूर झाला आहे, आधी तिची शस्त्रक्रिया करावी लागेल आणि मोतीबिंदूचे नंतर पाहू, असे सांगण्यात आले.

इथपर्यंत सगळ्यांचे एकमत आहे. पुढे मात्र एका डॉक्टरांनी नाकाच्या बाजूला बाहेरून छेद घेऊन डीसीआर, म्हणजे अश्रुपिशवी थेट नाकात उघडण्याची शस्त्रक्रिया, करावी असे सुचवले, तर दुसऱ्यांनी नाकातून दुर्बिणीने करावी असे सांगितले. दोघेही अनुभवी आहेत आणि आपापल्या मतावर ठाम आहेत. अलीकडचे संशोधन यावर काय सांगते, नलिका मुळात बंद का होते आणि ती पुन्हा बंद होण्याची शक्यता किती, हे जाणकारांनी सांगितले तर आम्हाला निर्णय घेणे सोपे जाईल. आई निर्णय माझ्यावर सोपवून मोकळी झाली आहे, त्यामुळे जबाबदारी जास्त वाटते.

कृष्णाकाठ

माझ्या आत्याची शस्त्रक्रिया बाहेरून झाली होती. जागेवरच भूल दिली होती आणि दुसऱ्या दिवशी ती घरी आली. छेदाची खूण आता चष्म्याच्या नाकपट्टीखाली शोधावी लागते. पाणी येणे पूर्ण थांबले. व्रणाच्या भीतीने कोणी बाहेरची शस्त्रक्रिया नाकारू नये, एवढेच सांगावेसे वाटते.

पारिजातक

माझ्या थोरल्या जाऊबाईंची नाकातून झाली. चेहऱ्यावर कुठेही टाका नाही. त्यांचे नाकाचे मधले हाडही वाकडे होते, ते त्याच वेळी सरळ केले. नंतर आठवडाभर नाक चोंदलेले होते आणि अधूनमधून रक्ताचे डाग येत होते, हा त्रास मात्र होतो. त्यांच्या ओळखीतल्या एका बाईंना अशाच शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात पुन्हा पाणी यायला लागले, त्यामुळे कोणतीही पद्धत अचूक असते असे मी म्हणणार नाही.

नेत्रवैद्य_सोलापूर

मृण्मयीताई, मी नेत्रचिकित्सक आहे. आईंना न पाहता त्यांच्याबद्दल सल्ला देणे योग्य होणार नाही, पण विषय समजावून सांगता येईल.

अश्रू वरच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या खोबणीच्या छताशी असलेल्या अश्रुग्रंथीत तयार होतात. डोळ्यावर पसरून ते पापण्यांच्या आतल्या टोकाशी असलेल्या दोन छिद्रांतून सूक्ष्म नलिकांमध्ये, तिथून अश्रुपिशवीत आणि मग हाडातल्या नलिकेतून नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते याचमुळे. ही शेवटची नलिका बंद झाली की पिशवीत अश्रू साचतात, त्यात जंतू वाढतात आणि लासूर होतो. डीसीआरमध्ये बंद नलिकेला कोणी हात लावत नाही. पिशवी आणि नाक यांच्यामधले पातळ हाड काढून पिशवीचे तोंड थेट नाकात उघडले जाते. बाहेरून केले काय किंवा नाकातून केले काय, तयार होणारा मार्ग एकच असतो. फरक तिथे पोहोचण्याच्या वाटेत आहे.

मोतीबिंदू थांबवला हे अगदी बरोबर झाले. पुवाने भरलेली पिशवी शेजारी असताना डोळा उघडून आत भिंग बसवले तर जंतू डोळ्याच्या आत जाऊ शकतात, आणि तो संसर्ग दृष्टी घालवू शकतो. मोतीबिंदूआधी सिरिंजिंग करून पाहण्याची आपल्याकडची पद्धत म्हणूनच मोलाची आहे. कितीतरी रुग्णांचा लासूर प्रथम तिथेच कळतो.

एक सूचना आजच देतो. कोपऱ्यावर लाल, दुखरी गाठ आली, ताप आला, तर घरी दाबून पू काढू नका आणि त्या अवस्थेत कोणाला सिरिंजिंगही करू देऊ नका. आधी प्रतिजैविके घ्यावी लागतात. बहुतेक वेळा असा गळू पापणीच्या आतल्या पडद्याच्या पुढेच राहतो, पण क्वचित संसर्ग मागे खोबणीत शिरतो. डोळा पुढे आला, हलवताना दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

अभ्यासू_वाचक

मूळ प्रश्न संशोधनाचा आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. मी डॉक्टर नाही, पण वडिलांच्या आजारपणात या विषयावर बरेच वाचले होते.

दोन्ही वाटा शंभराहून अधिक वर्षे जुन्या आहेत. नाकातून जाण्याचा प्रयत्न १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल यांनी केला होता. नाकात आत नीट दिसत नसल्याने ती वाट मागे पडली. १९०४ मध्ये फ्लॉरेन्सच्या आद्देओ तोती यांनी बाहेरून छेद घेण्याची पद्धत मांडली आणि १९२१ मध्ये फ्रान्समधील द्युप्वी-द्युताँ आणि बुर्गे यांनी पिशवीचे अस्तर नाकाच्या अस्तराला शिवायला सुरुवात केल्यावर यशाचे प्रमाण वाढले. नंतरची कित्येक दशके हीच पद्धत प्रमाण मानली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नाकाची दुर्बीण हाती आली आणि आतली वाट पुन्हा खुली झाली.

आता तुलना. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या कसोटीला फक्त दोन चाचण्या उतरल्या. एकीत नाकातून लेझरने केलेली शस्त्रक्रिया ६३ टक्के रुग्णांत यशस्वी ठरली आणि बाहेरून केलेली ९१ टक्के रुग्णांत. दुसरीत नाकातून लेझर न वापरता, यांत्रिक साधनांनी हाड काढले होते आणि तिथे दोन्ही गटांत यश ९० टक्के होते. त्या चाचणीत रुग्ण अवघे ४० होते. इतक्या प्रचलित शस्त्रक्रियेबद्दलचा खात्रीचा पुरावा एवढाच असावा, याचे मला फार वाईट वाटले. यावरून मी असे समजतो की बाहेरची पद्धत अधिक भरवशाची आहे.

घसा_कान_नाक

अभ्यासू_वाचक, आकडे तुम्ही बरोबर दिले आहेत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे आणि ही शस्त्रक्रिया नेत्रतज्ज्ञांच्या बरोबरीने करतो.

लेझरच्या त्या चाचणीत जे झाले, ते आज बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. लेझरने पाडलेले छिद्र लहान राहत असे आणि उष्णतेने आजूबाजूचे अस्तर भाजत असे. दुसरी गोष्ट अशी की पूर्वी पिशवीचा फक्त खालचा भाग उघडला जाई. ऑस्ट्रेलियातील वर्मल्ड यांनी २००० च्या सुमारास दाखवून दिले की पिशवीचा बराच भाग नाकातल्या मधल्या शंखिकेच्या (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरून आत डोकावणाऱ्या हाडाच्या वळशाच्या) मुळापेक्षा वर, सुमारे ८ ते १० मिलिमीटर उंच असतो. तिथले जाड हाड ड्रिलने काढून पिशवी वरपासून खालपर्यंत उघडली आणि तिचे अस्तर पुस्तकाच्या पानांसारखे दोन्हीकडे उलगडून ठेवले, तर आतल्या वाटेचे निकाल बाहेरच्या तोडीचे येतात. जुन्या तंत्राच्या निकालांवरून नव्या तंत्राला कमी लेखणे न्याय्य नाही.

शिवाय आतून जाण्याचे काही फायदे चाचण्यांच्या आकड्यांत दिसत नाहीत. पापणी मिटणारा स्नायू आणि त्याला जाणारे मज्जातंतूंचे बारीक धागे अबाधित राहतात, गळू असतानाही शस्त्रक्रिया करता येते आणि पूर्वी फसलेली शस्त्रक्रिया दुरुस्त करताना आतला व्रण प्रत्यक्ष दिसतो.

नेत्रवैद्य_सोलापूर

वरच्या प्रतिसादातील तंत्राबद्दलचे विवेचन अगदी योग्य आहे. मी त्यात भर घालतो आणि थोडा मतभेदही नोंदवतो.

पिशवी पूर्ण उघडणे हा यशाचा गाभा आहे, यात शंका नाही. हाडाचे छिद्र कितीही मोठे केले तरी भरून येताना ते आक्रसते. १९८२ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेवेळी सरासरी सुमारे १२ मिलिमीटर असलेले हाडातले छिद्र भरून आल्यावर नाकाच्या बाजूने जेमतेम १.८ मिलिमीटरचे उरले होते, आणि तरीही ते काम करत होते. म्हणून अस्तराला अस्तर नीट भिडणे हे छिद्राच्या आकाराइतकेच महत्त्वाचे ठरते.

मतभेद एवढाच की ड्रिल, चांगली दुर्बीण आणि दोन्ही विषयांचे जाणकार एकत्र असणे ही सोय महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत नाही. बाहेरची शस्त्रक्रिया साध्या साधनांनी, जागेवरच्या भुलीत होते. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्या वृद्धांना पूर्ण भूल टाळणे इष्ट असते, तेव्हा तीच वाट सोयीची पडते. सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्या रुग्णाला केवळ दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्या-मुंबईला पाठवणे मला नेहमी योग्य वाटत नाही.

घसा_कान_नाक

साधनांचा मुद्दा मान्य आहे. पण जिल्ह्यात सोय नाही म्हणून पद्धत दुय्यम ठरत नाही. सोय वाढवण्याचा आग्रह आपणच धरायला हवा.

शब्दवेडा

चर्चा फार उपयुक्त चालली आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्यांच्या रोगांमध्ये पूयालसाचे वर्णन आहे. सांध्याशी सूज येऊन ती पिकते आणि तिच्यातून पू वाहतो, असे ते लक्षण आहे. आजच्या लासुराशी त्याचे साम्य अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. हा आजार आपल्याकडे किती जुना आहे याची कल्पना यावी म्हणून लिहिले. उपचार अर्थातच आजच्या डॉक्टरांकडूनच घ्यावेत.

मृण्मयी_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. शस्त्रक्रियेच्या वेळी सिलिकॉनची नळी घालावी का आणि मायटोमायसिन लावावे का, हा एक प्रश्न राहिला. एका डॉक्टरांनी दोन्ही आवश्यक सांगितले, दुसऱ्यांनी एकही नको म्हटले.

नेत्रवैद्य_सोलापूर

मायटोमायसिन हे मुळात कर्करोगावरचे औषध आहे. नव्या छिद्राच्या कडेला ते थोडा वेळ लावले की व्रणाची वाढ मंदावते. सिलिकॉनची नळी छिद्र भरून येईपर्यंत मार्ग मोकळा ठेवते आणि काही आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागातच काढली जाते. दोन्हींवर बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. पहिल्यांदाच होणाऱ्या, गुंतागुंत नसलेल्या शस्त्रक्रियेत नळी घातल्याने ठळक फायदा होतो असे त्यांतून दिसलेले नाही. मायटोमायसिनबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया, पापणीच्या छिद्राजवळच्या सूक्ष्म नलिका अरुंद असणे, पिशवी आक्रसलेली असणे अशा वेळी मी दोन्हींचा विचार करतो. आईंच्या बाबतीत यांपैकी काही आहे का, हे त्या डॉक्टरांना अवश्य विचारा.

सांजवात

विषय मोठ्यांचा आहे, पण माझ्या सात महिन्यांच्या मुलीच्या डाव्या डोळ्यातून जन्मापासून पाणी येते आणि तिलाही असेच काही करावे लागेल का, या चिंतेने हा धागा वाचते आहे. सासूबाई म्हणतात की तेल चोळा, आपोआप बरे होते. बालरोगतज्ज्ञांनी कोपऱ्यावर मालीश करायला सांगितले आहे.

नेत्रवैद्य_सोलापूर

सांजवातताई, बाळांचा प्रकार वेगळा आहे. नलिकेच्या नाकातल्या टोकाशी एक पातळ पडदा जन्मताना उघडायचा राहिलेला असतो. बहुतेक बाळांमध्ये तो पहिल्या वर्षात आपोआप उघडतो. मालीश म्हणजे त्वचेवर तेल चोळणे नव्हे. स्वच्छ बोटाने कोपऱ्यावर, पिशवीच्या वरच्या बाजूने दाब देत बोट खाली नाकाकडे न्यायचे, म्हणजे आतल्या द्रवाचा दाब त्या पडद्यावर पडतो. क्रिग्लर यांनी १९२३ मध्ये हे तंत्र वर्णन केले आणि ते आजही तसेच शिकवले जाते.

अमेरिकेतील बालनेत्ररोगतज्ज्ञांच्या गटाने सहा ते दहा महिन्यांच्या, एका डोळ्यात अडथळा असलेल्या बाळांचा अभ्यास केला. ज्यांना लगेच सळई न घालता मालीश आणि गरजेपुरते थेंब देऊन थांबायला सांगितले, त्यांतील ६६ टक्के बाळे पुढच्या सहा महिन्यांत शस्त्रक्रियेविना बरी झाली. वर्षानंतरही पाणी येत राहिले तर बारीक सळईने पडदा उघडतात आणि त्यात बहुतेकांना यश येते. डीसीआरची वेळ लहान मुलांवर क्वचितच येते. मात्र बाळाला उजेड सहन होत नसेल, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल तर त्याचा नलिकेशी संबंध नसतो. ती जन्मजात काचबिंदूची लक्षणे असू शकतात आणि त्यासाठी एक दिवसही थांबू नये.

सांजवात

खूप धीर आला. मालीश मी आजवर गोलाकार करत होते, आता वरून खाली करेन.

ओंजळ

मला दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता आणि डोसिटॅक्सेल हे औषध दर आठवड्याला दिले जात होते. त्या काळात दोन्ही डोळ्यांतून इतके पाणी येई की वाचताही येत नसे. केमोमुळे होते, नंतर थांबेल, असे मला सांगण्यात आले. ते थांबले नाही. आता दोन्ही बाजूंच्या सूक्ष्म नलिका बंद असल्याचे निदान झाले आहे. हा अनुभव मुद्दाम लिहीत आहे, कारण केमो घेणाऱ्या दुसऱ्या कोणी हे वाचले तर त्यांनी वेळीच नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

नेत्रवैद्य_सोलापूर

ओंजळताई, तुम्ही हे लिहिले याबद्दल मी ऋणी आहे. डोसिटॅक्सेल अश्रूंमधून बाहेर पडते आणि सूक्ष्म नलिकांच्या अस्तराला सूज आणते. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या अभ्यासांतून २००० नंतर हे स्पष्ट झाले. तीन आठवड्यांनी एकदा दिल्यापेक्षा दर आठवड्याला दिल्यास धोका जास्त असतो. पाणी येऊ लागताच सिलिकॉनच्या नळ्या घातल्या तर नलिका कायमच्या बंद होण्यापासून वाचतात आणि केमोही थांबवावी लागत नाही. दोन्ही सूक्ष्म नलिका पूर्ण बंद झाल्या तर साधी डीसीआर पुरत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट नाकात काचेची कायमची नळी बसवावी लागते. तिला जोन्स ट्यूब म्हणतात. ती सांभाळावी लागते, पण तिने अनेकांचे आयुष्य सुकर झाले आहे.

थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन मोठ्या मात्रेत घेतलेल्यांनाही असाच त्रास होऊ शकतो. आयोडीन आत ओढून घेणारे जे प्रथिन थायरॉइडमध्ये असते, तेच अश्रुपिशवीच्या आणि नलिकेच्या अस्तरातही सापडले आहे. त्यामुळे किरणोत्सार तिथे साठतो आणि काही महिन्यांनी नलिका बुजते. कर्करोगाचे उपचार देणाऱ्या प्रत्येक विभागाने रुग्णाला डोळ्यातल्या पाण्याबद्दल आवर्जून विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

टोरांटोकर

मृण्मयी यांनी विचारलेला दुसरा प्रश्न, म्हणजे नलिका मुळात बंद का होते, तो मागे राहिला आहे. कर्करोगाचे औषध नाही, मार लागलेला नाही, तरीही मध्यम वयानंतरच्या बायकांमध्येच हे इतके का दिसते?

अभ्यासू_वाचक

अलीकडचे सर्वांत महत्त्वाचे काम मला याच प्रश्नावर झालेले दिसते आणि त्यातला मोठा वाटा भारताचा आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत अश्रुमार्गाच्या विकारांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. तेथील डॉ. मोहम्मद जावेद अली यांना २०१९ मध्ये वैद्यकशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. दुर्लक्षित समजल्या गेलेल्या या विषयाला देशाच्या सर्वोच्च विज्ञान पुरस्कारांत स्थान मिळाले, याचा मला फार आनंद झाला होता.

जर्मनीतील एर्लांगेनचे शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रीडरिष पाउल्सेन यांनी दाखवून दिले की अश्रुनलिकेभोवती रक्तवाहिन्यांचे स्पंजासारखे आवरण असते. ते फुगले की नलिका अरुंद होते आणि ओसरले की मोकळी होते. म्हणजे ही नलिका नुसता नळ नाही, तिच्यावर शरीराचे नियंत्रण चालते. वारंवार सूज येत राहिली तर हे आवरण आणि अस्तर यांची रचना बदलते, त्यात तंतू वाढतात आणि वाट कायमची बुजते, असे आज मानले जाते. बायकांमध्ये प्रमाण जास्त असण्यामागे रजोनिवृत्तीनंतरचे संप्रेरकांतील बदल आणि हाडातला मार्ग मुळातच अरुंद असणे, ही दोन कारणे तपासली जात आहेत. जंतूंचे समुदाय, अश्रूंमधली प्रथिने, नाकाचे जुने आजार यांवरही अभ्यास चालू आहेत. एकच कारण सापडेल असे दिसत नाही.

घाटवाट

माझ्या वडिलांना काचबिंदू आहे आणि ते अनेक वर्षे थेंब घालत आहेत. त्यांनाही पाणी येते. त्याचा काही संबंध असेल का?

नेत्रवैद्य_सोलापूर

असू शकतो. काचबिंदूचे काही थेंब दीर्घकाळ वापरल्याने छिद्रे आणि नलिका अरुंद होऊ शकतात. पण थेंब स्वतःहून बंद करू नका, गेलेली दृष्टी परत येत नाही. आधी तपासणी करून घ्या, कारण उतारवयात पाणी येण्याची इतर कारणेही तितकीच असतात. खालची पापणी सैल होऊन बाहेर वळली की छिद्र डोळ्याला टेकत नाही आणि नलिका मोकळी असूनही पाणी गालावर ओघळते. चेहऱ्याच्या अर्धांगवायूनंतरही हे होते. त्याला पापणीची छोटी शस्त्रक्रिया पुरते. कोरड्या डोळ्यांतही पाणी येते, कारण जळजळ झाली की ग्रंथी एकदम भरपूर अश्रू सोडते. अशा रुग्णाची डीसीआर केली तर उलट हानी होईल. सिरिंजिंगच्या आधी पापणी आणि डोळ्याचा पृष्ठभाग नीट पाहिला का, हा प्रश्न म्हणून शस्त्रक्रियेच्या पद्धतीपेक्षाही आधी विचारावा.

टोरांटोकर

ग्रंथीचा उल्लेख आला म्हणून विचारतो. अश्रू वाहून नेण्याचा मार्ग दुरुस्त करता येत नसेल तर ग्रंथीलाच कमी अश्रू तयार करायला लावता येत नाही का? इथे एका परिचितांना ग्रंथीत बोटुलिनम दिले होते.

नेत्रवैद्य_सोलापूर

होय, तो उपाय आहे. बोटुलिनम ग्रंथीत टोचले की तिला अश्रू सोडण्याचा मज्जातंतूंचा निरोप काही महिने पोहोचत नाही. शस्त्रक्रिया नको असलेल्या किंवा ती झेपणार नाही अशा निवडक रुग्णांना त्याचा उपयोग होतो. परिणाम ओसरला की पुन्हा द्यावे लागते आणि काहींची वरची पापणी तात्पुरती खाली येते. पिशवीत पू असेल तर मात्र हा उपाय नाही. संसर्ग तसाच राहतो.

ग्रंथीबद्दल हैदराबादेतूनच आलेला आणखी एक निष्कर्ष मला विचार करायला लावणारा वाटतो. नलिका बंद असलेल्या बाजूच्या अश्रुग्रंथीतून अश्रू किती वेगाने झिरपतात, हे तिथे भिंगाखाली थेट मोजले गेले. तो वेग निरोगी बाजूपेक्षा कमी आढळला. म्हणजे मार्ग दीर्घकाळ तुंबला की उगमावरही परिणाम होतो असे दिसते. वर्षानुवर्षे पाणी पुसत बसणाऱ्या, काय त्यात एवढे असे म्हणणाऱ्या आपल्या आया-आज्यांना हे सांगायला हवे.

शब्दवेडा

ज्यांची ग्रंथीच निकामी झाली आहे त्यांच्यासाठी काही संशोधन चालू आहे का?

अभ्यासू_वाचक

चालू आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील ह्युब्रेख्ट संस्थेत हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २०२१ मध्ये उंदरांच्या आणि माणसांच्या अश्रुग्रंथींतील पेशींपासून प्रयोगशाळेत सूक्ष्म ग्रंथी वाढवल्या. नॉरॲड्रेनॅलिनसारखा संदेश मिळताच त्या द्रव स्रवून फुगू लागल्या. मानवी पेशी उंदराच्या ग्रंथीत सोडल्यावर त्या तिथे रुजल्याही. रुग्णाच्या डोळ्यापर्यंत हे पोहोचायला वेळ लागेल, पण तीव्र कोरड्या डोळ्यांवर औषधे तपासायला अशा सूक्ष्म ग्रंथी आताच वापरता येतात. हैदराबादच्या संस्थेतही मानवी अश्रुग्रंथीच्या मूळपेशींवर काम झाले आहे. स्टीव्हन्स-जॉन्सन या, बहुधा औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने होणाऱ्या विकारात डोळे पूर्ण कोरडे झालेल्यांसाठी ओठाच्या आतल्या लहान लाळग्रंथी पापणीच्या अस्तराखाली बसवण्याची शस्त्रक्रिया तर प्रत्यक्षात केली जाते.

पारिजातक

इतके सगळे वाचल्यावर मृण्मयीताईंच्या आईंसाठी काय ठरवायचे, हे मला अजूनही नीट उमगलेले नाही. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत असेच दिसते.

घसा_कान_नाक

तसेच आहे. मी माझ्या मतावर ठाम असलो तरी रुग्णाला एकच सांगतो. ज्या डॉक्टरांनी निवडलेली पद्धत नेहमी केली आहे आणि ज्यांच्याकडे वर्षभर तपासणीला जाणे तुम्हाला शक्य आहे, त्यांच्याकडे करा. यश महिन्याभरात ठरत नाही. आईंच्या नाकाची दुर्बिणीने तपासणी मात्र दोन्ही पद्धतींत आधी व्हायला हवी. नाकात मांसल वाढ किंवा वाकडे हाड असेल आणि ते तसेच राहिले, तर बाहेरून केलेली उत्तम शस्त्रक्रियाही बंद पडू शकते.

मृण्मयी_सातारा

आईची नाकाची तपासणी अजून कोणीच केलेली नाही. ती आधी करून घेते. तिला रक्तदाब आहे आणि हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, हे मी वर लिहिले नव्हते. त्याने काही फरक पडतो का?

नेत्रवैद्य_सोलापूर

बराच फरक पडतो. नाकाचे अस्तर रक्ताने समृद्ध असते, त्यामुळे रक्तदाब काबूत असल्याशिवाय कोणत्याही वाटेने ही शस्त्रक्रिया करू नये. गोळी थांबवायची की नाही, किती दिवस, हे हृदयतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी मिळून ठरवावे. घरी कोणी ठरवू नये. पूर्ण भूल द्यायची की जागेवरची, हेही त्यावर अवलंबून राहील आणि कदाचित वाटेचा निर्णयही तिथेच होईल.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नाक जोराने शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडून द्यावी, फार गरम खाणे टाळावे आणि सांगितलेला मिठाच्या पाण्याचा फवारा नाकात न चुकता मारावा. एक गोष्ट आधीच बोलून ठेवा. क्वचित प्रसंगी पिशवीतली गाठच नलिका बंद होण्याचे कारण असते. अश्रूंत रक्त दिसत असेल, किंवा कोपऱ्यातली सूज वरच्या बाजूला पसरलेली आणि टणक असेल, तर आधी सीटी स्कॅन करावा लागतो. तसे काही नसले तरी पिशवी उघडल्यावर आतले अस्तर वेगळे दिसले तर त्याचा तुकडा तपासणीला पाठवाल ना, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा.